चेंडू यायच्या आधी

सोलापूरच्या रेल्वे मैदानावर सकाळी हल्ली तेरा-चौदा मुली फुटबॉल खेळायला येतात. मी शिकायला लागले तेव्हा मुलगी म्हणून मी एकटीच होते. या मुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो, "ताई, बाहेर खेळायला कसं जायचं?" मैदानाच्या कडेला बूट सोडता सोडता मी प्रत्येकीला अर्धंमुर्धं सांगते. कुणाला व्हिसाचं सांगून होतं, कुणाला थंडीचं, आणि मुख्य गोष्ट राहूनच जाते. म्हणून एकदा सगळं सलग लिहायला बसले आहे. मी २४ वर्षांची आहे, मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतली खेळाडू आहे, आणि २०२५चा हंगाम फिनलंडमध्ये, तिथल्या महिलांच्या दुसऱ्या स्तरावरच्या एका क्लबकडून खेळून आले आहे.

पप्पा रेल्वेत पॉइंट्समन. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचं ठिकाण असल्यामुळे इथं रेल्वेची वसाहत आहे, मैदान आहे आणि फुटबॉलही आहे. आई घरी कडक भाकरी करून विकते. घरात खेळाडू कुणी नाही. मी अकरा वर्षांची असताना दादाला डबा द्यायला मैदानावर गेले आणि तिथंच राहिले, एवढीच माझी सुरुवात.

आमचे सर रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी मला पहिल्याच वर्षी मधल्या फळीत उभं केलं, कारण मला पळण्यात मुलं हरवायची, पण पास कुठं द्यायचा ते मला लवकर दिसायचं. आमचं मैदान मुरमाचं. चेंडू टप्पा खाऊन कुठंही उडतो, त्यामुळे सगळ्यांची नजर चेंडूवर खिळलेली असते, आणि मागून कुणी येऊन आदळलं की गुडघे फुटतात. माझे बऱ्याचदा फुटले. मग सरांनी एक सराव सुरू केला. समोरून दादा चेंडू मारायचा, सर माझ्या पाठीमागे हात वर करून उभे राहायचे. चेंडू माझ्या पायाशी पोचायच्या आत मान वळवून त्यांनी किती बोटं वर केलीत ते ओरडून सांगायचं. "तीन!" "चार!" चुकलं की पुन्हा. एकदा मैदानाबाहेरून जाणाऱ्या एका आजोबांनी विचारलं होतं, "काय बघायलीस गं सारखी मागं?" चेंडू पुढून येतो, पण खेळ मागं चाललेला असतो, हे त्यांना सांगायला तेव्हा माझ्याकडे शब्द नव्हते.

ही सवय किती मोलाची आहे ते फार नंतर कळलं. नॉर्वेचे गीर योर्डेट नावाचे संशोधक आहेत. त्यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या मिडफिल्डरांचे व्हिडिओ घेऊन, चेंडू मिळायच्या आधीच्या काही सेकंदांत कोण किती वेळा आजूबाजूला बघतं ते मोजलं. जे जास्त बघतात त्यांचे पुढच्या दिशेचे पास जास्त यशस्वी होतात, असं त्यात दिसलं. स्पेनच्या बार्सिलोनाकडून खेळलेला मिडफिल्डर चावी (Xavi) या बाबतीत सगळ्यांच्या पुढे होता. आमच्या सरांनी यातलं काहीही वाचलेलं नव्हतं.

पुढचा टप्पा भराभर सांगते. शाळेचे सामने, जिल्हा, राज्य, पुण्यात कॉलेज, मग इंडियन विमेन्स लीगमध्ये एका संघाच्या राखीव खेळाडूंत दोन हंगाम. शेवटचा करार ३१ मे २०२४ला संपला आणि मी सोलापुरात घरी परत आले. हातात ना करार, ना नोकरी. उन्हाचा तडाखा अजून होताच, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. पहाटे साडेपाचला मैदानावर जायचं, आठच्या आत परत यायचं. त्या दोन महिन्यांत खेळ सोडायचा विचार रोज मनात येत होता. रेल्वेच्या भरतीचा फॉर्म भरूनही ठेवला होता.

परदेशी खेळायचं डोक्यात होतं, कारण आधीच्या मुलींनी ते करून दाखवलं होतं. अदिती चौहान २०१५मध्ये इंग्लंडच्या वेस्ट हॅमची गोलकीपर झाली. बाला देवी २०२०मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली. मनीषा कल्याण २०२२मध्ये सायप्रसच्या अपोलोनकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. ती बातमी मी पुण्यात होस्टेलच्या जिन्यात बसून वाचली होती.

पहिली ठेच लागली ती एजंटमुळे. ओळखीतून एकाचा फोन आला. युरोपात ट्रायल लावून देतो, दीड लाख आधी भरा. पप्पा सोसायटीतून कर्ज काढायला निघाले होते. सरांनी थांबवलं. त्यांनी एकच विचारलं, "याच्याकडे फिफाचं लायसन आहे का?" २०२३पासून फिफाने एजंटांसाठी परीक्षा आणि परवाना आणला आहे, आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या साइटवर कुणालाही बघता येते. त्या माणसाचं नाव यादीत नव्हतं. मी तसं विचारल्यावर त्याचे फोन बंद झाले. मुलींनो, हे दोन मिनिटांचं काम आहे, ते आधी करा. पैसे मागणारा माणूस नेहमी घाई करतो.

शेवटी मी स्वतःच क्लबांना मेल पाठवायला लागले. सोबत माझ्या खेळाचा सहा मिनिटांचा व्हिडिओ. त्यात मी काय घातलं होतं? दोन गोल, एक फ्रीकिक, चार-पाच ठिकाणी बचावपटूंना चकवलेलं. चाळीसेक मेलपैकी दोन उत्तरं आली. त्यातलं एक फिनलंडच्या क्लबच्या सहायक प्रशिक्षक बाईंचं. त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं की यातून तू मिडफिल्डर म्हणून कशी आहेस ते समजत नाही. प्रत्येक तुकडा चेंडू तुझ्याकडे यायच्या पाच सेकंद आधी सुरू कर आणि पास दिल्यावर तू कुठं जातेस ते दाखव. शिवाय दोन अख्खे सामने पाठव, त्यातला एक हरलेला असू दे.

मी तीन रात्री जागून नवीन व्हिडिओ केला. तो करताना पहिल्यांदा स्वतःचा खेळ नीट बघितला. पुण्याच्या एका सामन्यात ६० मिनिटांनंतर माझी मान वळणं जवळजवळ थांबलेलं होतं. पाय चालत होते, मान नाही. दमलेली मिडफिल्डर आधी मानेतून दमते, हे मी त्या रात्री लॅपटॉपवर शिकले. तोही सामना पाठवला.

सप्टेंबरअखेर त्यांनी दोन आठवड्यांच्या ट्रायलला बोलावलं. विमानाचं तिकीट माझं, राहणं-खाणं त्यांचं. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रीतून मुंबई, व्हिसाचे कागद, पुन्हा सोलापूर, पुन्हा मुंबई. आईने कडक भाकरीची आठ पाकिटं आणि शेंगाची चटणी दिली. कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते, तिला फ्रीज लागत नाही, आणि सामन्यानंतर भाजीच्या रश्श्यात चुरली की पोट भरतं. विमानतळावर ती कुणी अडवली नाही.

ट्रायलमध्ये मला वाटलं होतं वेगाची परीक्षा असेल. यो-यो टेस्ट झाली, त्यात मी मधोमध आले. खरी परीक्षा कृत्रिम गवतावर झाली. तिथं चेंडू वेडावाकडा टप्पा खात नाही, सरळ आणि झपाट्याने येतो. मुरमावर चेंडू आवरायला मी जो अर्धा सेकंद घ्यायचे तो तिथं कुणी देत नाही. पहिल्याच सराव सामन्यात मी मध्यभागी उभी, बचावपटूने मला पास मारला, आणि तीन-चार जणी एकदम ओरडल्या, "सेल्कॅ! सेल्कॅ!" मला वाटलं मला हाक मारताहेत. मी चेंडू थांबवला, वळले, आणि मागून आलेल्या मुलीने तो काढून नेला. गोल झाला. गोलकीपर मुलगी माझ्याजवळ आली, माझ्या पाठीवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "सेल्कॅ." म्हणजे पाठ. तुझ्या पाठीशी कुणी आहे, वळू नकोस. आपल्याकडे आपण "मागं आहे!" ओरडतो, तेच. आणि पाठीशी कुणी नसेल, वेळ असेल, तर त्या "आइका!" ओरडतात. त्या रात्री मी वहीत बारा शब्द लिहून पाठ केले. दुसऱ्या दिवसापासून निदान कानाने खेळता आलं.

नोव्हेंबरमध्ये कराराचा मसुदा मेलवर आला. इथं जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे करार न वाचताच सही करायची पद्धत आहे. माझा मावसभाऊ सोलापूर कोर्टात वकिली करतो. त्याने फुटबॉल कधी बघितलेला नाही, पण फिफाचे खेळाडूंच्या दर्जा आणि बदलीचे नियम डाउनलोड करून त्याने दोन दिवस वाचले. आमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर कागद पसरून तो आणि मी बसलो होतो, आई भाकरी थापत होती. त्याने तीन गोष्टींना लाल पेनाने खूण केली. एक, मसुद्यात लिहिलं होतं की वैद्यकीय तपासणीत पास झाले तरच करार लागू. फिफाच्या नियमांत हे चालत नाही. करार वैद्यकीय तपासणीवर किंवा वर्क परमिटवर अवलंबून ठेवता येत नाही, तपासणी सहीच्या आधी करायची असते. दोन, पुढचं वर्ष वाढवायचा हक्क फक्त क्लबला होता, तो दोघांच्या संमतीने असावा. तीन, दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कुणाचा ते लिहिलेलं नव्हतं. आम्ही नम्रपणे मेल लिहिला. मला धास्ती होती की असे प्रश्न विचारले म्हणून ते मलाच नको म्हणतील. चार दिवसांनी तिन्ही दुरुस्त्या होऊन मसुदा परत आला, सोबत सॉरी. त्याच नियमांत असंही आहे की दोन महिन्यांचा पगार थकला आणि लेखी नोटीस देऊन १५ दिवसांत मिळाला नाही, तर खेळाडूला करार सोडता येतो. मला त्याची गरज पडली नाही, पण माहीत असलं की माणूस ताठ चालतो.

सहीआधीच्या तपासण्या सोलापुरातच केल्या. ईसीजी, टूडी इको, गुडघ्याचा एमआरआय सगळं व्यवस्थित. पण रक्तात फेरिटिन ९ निघालं, आणि ड जीवनसत्त्वही कमी. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या मुलीचं ड जीवनसत्त्व कमी! आई तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसली होती. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीकठाक दिसत असतानाही तो रिकामा असू शकतो, आणि मग साठाव्या मिनिटानंतर डोळ्यांपुढे धुकं येतं. पुण्याच्या त्या सामन्यातली माझी न वळणारी मान आठवली. इतकी वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, चहा जेवणाबरोबर घ्यायचा नाही म्हणाले. आपल्या मैदानावर येणाऱ्या प्रत्येक मुलीने वर्षातून एकदा ही तपासणी करावी असं मला मनापासून वाटतं. पाळी सुरू झालेल्या, धावणाऱ्या मुलींत ही कमतरता फार दिसते.

रेसिडन्स परमिट जानेवारीअखेर आलं. सोलापूरची गड्ड्याची यात्रा नुकतीच उलगली होती. फेब्रुवारीत मी निघाले आणि उणे १४ अंशांत उतरले. तिकडं हिवाळ्यात सराव मोठ्या बंदिस्त हॉलमध्ये चालतो, कारण बाहेरची मैदानं बर्फाखाली असतात.

आणि तिथं माझं घोडं अडलं.

एका देशाच्या फुटबॉल संघटनेकडून दुसऱ्या देशात खेळायला जाताना आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट लागतं. ते खेळाडूच्या हातात येतच नाही. नव्या देशाची संघटना फिफाच्या ऑनलाइन यंत्रणेतून ते मागते, जुन्या देशाची संघटना देते. त्यासाठी सहसा ट्रान्सफरची खिडकी, म्हणजे बदलीसाठी ठरवून दिलेला काळ, उघडी असावी लागते. खिडकी बंद झाली की करार असो, परमिट असो, बहुतेक वेळा तुम्ही प्रेक्षकांत बसायचं. माझा अर्ज गेला आणि अडकला. कारण माझं नाव. पासपोर्टवर माझं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. खेळाडूंच्या राष्ट्रीय नोंदणीत कुणीतरी कधीतरी आडनाव आधी टाकलेलं, आणि वडिलांच्या नावाचं एक अक्षर वेगळं. दोन्ही नोंदी एकाच मुलीच्या आहेत हे यंत्राला पटेना. शिवाय खेळाडूचा एक फुटबॉल पासपोर्ट असतो. बाराव्या वाढदिवसाच्या वर्षापासून तुमची नोंदणी कुठल्या क्लबकडे होती ते त्यात लिहिलेलं असतं. माझी सोलापूरची पाच वर्षं त्यात कोरी. जणू मी सतराव्या वर्षी आकाशातून पुण्यात पडले.

मी तिकडं, कागद इकडं. दादाने शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पासपोर्ट यांच्या प्रती, नोटरीचं प्रतिज्ञापत्र, सगळं गोळा केलं. सरांनी त्यांच्या कपाटातून २०१३पासूनचे संघयाद्यांचे कागद काढले. त्यांच्या हातचे, कार्बन कॉपीचे, काहींवर चहाचे डाग. त्यांनी ते का जपून ठेवले होते, मी विचारलं नाही. रोज दुपारी सराव संपला की मी फोन बघायचे. फिनलंडमध्ये हिवाळ्यात घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे माझा सराव संपेपर्यंत इकडची कचेऱ्या बंद व्हायची वेळ. नऊ दिवस गेले. नाव दुरुस्त झालं, सर्टिफिकेट निघालं, खिडकी बंद व्हायला तेव्हा पाच दिवस उरले होते. त्या नऊ दिवसांइतकी भीती मला कुठल्याही सामन्यात वाटलेली नाही.

म्हणून मैदानावरच्या प्रत्येक मुलीला मी आता आधी हेच विचारते: पासपोर्टवरचं आणि नोंदणीतलं नाव अक्षरन्‌अक्षर सारखं आहे का? आणि जी पंधरा वर्षांची आहे आणि आत्ताच बाहेर जायचं म्हणते, तिला हेही सांगते की १८ वर्षांखालच्या खेळाडूंची परदेशी बदली फिफाने थोडे अपवाद सोडून बंद ठेवली आहे. तेव्हा कुणी आश्वासन देत असेल तर सावध राहा.

हंगाम एप्रिलमध्ये सुरू झाला. पहिले चार सामने मी बाकावर होते. वाईट वाटलं, पण प्रशिक्षकांनी कारण सांगितलं, आणि ते कारण खरं होतं. मी एकदा बघत होते. तिथं तीन-चार वेळा बघावं लागतं. पास निघायच्या आधी एकदा, तो वाटेत असताना एकदा, आणि पहिल्या स्पर्शाच्या आधी पुन्हा. कारण एवढ्या वेळात सगळं चित्र बदललेलं असतं. त्यांनी मला सराव दिला: अंग अर्धं तिरकं ठेवून उभं राहायचं, चेंडू लांबच्या पायाने घ्यायचा, म्हणजे वळायला वेगळं पाऊल लागत नाही. रोज सरावानंतर २० मिनिटं, डावा पाय, उजवा पाय. गोलकीपर मुलगी हॉस्पिटलात नर्स होती. तिच्यासारख्या बऱ्याच जणी नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळायच्या. पूर्ण वेळ पगारावर आम्ही परदेशी तिघीच. रात्रपाळी करून आलेली मुलगी तुमच्यासाठी गोलपोस्टमध्ये उभी राहते म्हटल्यावर बाकावर बसल्याची तक्रार करायला तोंड राहत नाही.

पाचव्या सामन्यात ७०व्या मिनिटाला उतरले. सातव्यात सुरुवातीपासून. जूनमध्ये रात्री दहालाही लख्ख उजेड असायचा, झोप लागायची नाही, मी खिडकीला चादर अडकवायचे. सोलापुरी चादर, आईने बळेच दिलेली. पांघरायला ती पातळ पडायची, पण उजेड पूर्ण अडवायची.

जुलैत भारताच्या महिला संघाचा थायलंडशी सामना होता, तिथल्या चिआंग माईला. जिंकलं तर पात्रता फेरीतून थेट आशियाई कपात. मी खोलीत फोनवर बघत होते. भारत २-१ने जिंकला आणि दोन्ही गोल संगीता बासफोरचे. ती मिडफिल्डर! मी एकटीच खोलीत ओरडले, शेजारच्या खोलीतली मुलगी घाबरून धावत आली. तिला सांगितलं, २०२६च्या आशियाई कपला आम्ही ऑस्ट्रेलियात जाणार. त्या संघात मी नव्हते, तरी "आम्ही"च म्हणाले.

ऑगस्टमधल्या एका सामन्यातलं एकच दृश्य सांगते. पाऊस, बाहेरगावचं मैदान, १-१, ८०वं मिनिट. बचावपटूने मला पास दिला. मी आधी बघितलेलं होतं, उजव्या खांद्यामागून त्यांची दहा नंबरची येत होती. मागून आवाज आला, "सेल्कॅ!" तो ऐकायच्या आधीच मी ठरवलं होतं. चेंडू घेतल्यासारखं केलं, म्हणजे पाय पुढे नेला आणि चेंडूला शिवलेच नाही. चेंडू माझ्या पायांमधून निघून गेला, ती माझ्या अंगावर आली, आणि मी दुसऱ्या बाजूने वळून त्याच्यामागे. पुढे मोकळं मैदान. विंगरला पास, तिने क्रॉस केला, गोल झाला नाही, कॉर्नर मिळाला. सामना १-१च सुटला. आकडेवारीत त्या क्षणाची कुठंही नोंद नाही. रात्री मी सरांना व्हिडिओ पाठवला. त्यांचं उत्तर सकाळी आलं. एकच शब्द, "किती?" आणि खाली हाताच्या बोटांचा फोटो.

तीन बोटं होती. मी "तीन" लिहून पाठवलं.

हंगामात १६ सामने खेळले, ११ सुरुवातीपासून. गोल एक. ऑक्टोबरच्या शेवटी क्लबने आणखी एक वर्ष विचारलं आणि मी हो म्हटलं. त्याच क्लबकडे राहत असल्याने या वेळी ट्रान्सफर सर्टिफिकेटची भानगड नाही, फक्त परमिट वाढवायचं. फेरिटिन परवाच तपासलं, ३८ आलं. गड्ड्याला यंदा पूर्ण घरी आहे, फेब्रुवारीत निघायचं आहे. तोवर रोज सकाळी सहाला रेल्वे मैदानावर असते. मुलींची नावं पासपोर्टप्रमाणे लिहून घेण्यासाठी दादाने एक जाड वही आणून दिली आहे, कार्बन पेपर सर आणतात. सात जणींची झाली, बाकीच्यांनी शनिवारी आधार आणि जन्मदाखला घेऊन या.